नव्या वेब-सर्व्हरचा पाया



दरवर्षीं माध्यमिक शालान्त परीक्षेच्या निकालाचा दिवस उजाडला, म्हणजे दुपारीं एक वाजण्याच्या सुमारास महाराष्ट्रांतील लाखों घरांत एकाच वेळीं एकच क्रिया घडते. मुलाचा बैठक-क्रमांक मोबाइलच्या पडद्यावर लिहिला जातो, आणि आई, बाप, आजी असे सर्व जण त्या पडद्याकडे डोळे लावून बसतात. परीक्षेस बसणाऱ्या मुलांची संख्याच पंधरा लाखांच्या वर असते. तेव्हां निकाल विचारणारांची संख्या त्याहून कितीतरी अधिक असणार हें उघड आहे. अशा गर्दींत एखादे वेळीं पडदा पांढराच राहतो, आणि आपण म्हणतों, “साइट बंद पडली.” ही साइट आपल्यापुढें आणून ठेवणारा कोण, त्याचें घर पुन्हां नव्यानें बांधावयाचें झाल्यास पायांत कोणते दगड घालावे, आणि ते पारखून कसे घ्यावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय ऐकून कोणी म्हणेल, हा तर तंत्रज्ञांचा प्रांत. अक्कलकोटच्या एका निवृत्त शाळामास्तरास त्यांत काय कळणार? शंका रास्त आहे. परंतु घर बांधून घेणारास गवंड्याइतकें ज्ञान नसलें, तरी पाया कशाचा घातला जात आहे हें समजून घेणें त्याचें कर्तव्यच असतें. आज नगरपालिका, बँका, शाळा, सहकारी संस्था या सर्वांनाच अशीं घरें बांधून घ्यावीं लागतात. आणि त्यांच्या सभांत मान डोलावून ठराव मंजूर करणारे आपल्यापैकींच कोणीतरी असतात.

वेब-सर्व्हर हा शब्द ऐकावयास भारदस्त वाटला, तरी त्याचा अर्थ ‘वाढपी’ इतकाच आहे. दूरच्या एका संगणकावर हा प्रोग्राम अहोरात्र जागा असतो. कोणी मागितलें कीं, मागितलेलें पान काढून तो त्याच्यापुढें ठेवतो आणि पुढच्याकडे वळतो. आमच्या अक्कलकोटास गुरुवारीं अथवा गुरुपौर्णिमेस आलेल्यांनीं अन्नछत्रापाशीं लोटणारी गर्दी पाहिली असेल. अशा पंगतींत प्रत्येक पानामागें एक वाढपी नेमला, आणि त्या पानावरचा मनुष्य हात धुऊन उठेपर्यंत त्यानें तेथून हलावयाचें नाहीं असा नियम केला, तर काय होईल? शंभर पानांस शंभर वाढपी लागतील, दहा हजार पानांस दहा हजार; आणि वाढप्यांच्याच दाटीनें पंगतींत पाय ठेवावयास जागा उरणार नाहीं.

आरंभींचे पुष्कळसे सर्व्हर याच नियमानें चालत. १९९९ सालीं डॅन केगेल या अमेरिकन प्रोग्रामरानें हा प्रश्न स्पष्ट शब्दांत मांडला: एका संगणकानें एकाच वेळीं दहा हजार ग्राहक कसे सांभाळावे? याचें जें उत्तर पुढें सर्वमान्य झालें तें असें कीं, एकाच चपळ वाढप्यानें सबंध पंगतीवर नजर ठेवून फिरावें. ज्याचें पान रिकामें होईल त्यास वाढावें, आणि जो अजून जेवीत आहे त्याच्याजवळ खोळंबूं नये. मात्र कोणाचें पान रिकामें झालें याची वर्दी त्याला वेळच्या वेळीं मिळाली पाहिजे. ती वर्दी संगणकाची मूळ कार्यप्रणाली देते. परंतु प्रत्येक प्रणालीची रीत निराळी. लिनक्सवर ‘ई-पोल’ नांवाची एक, फ्रीबीएसडीवर ‘के-क्यू’ नांवाची दुसरी, तर विंडोजवर तिसरीच.

आतां ‘लायब्ररी’ या शब्दाकडे वळूं. हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यांपुढें पुस्तकांचीं कपाटें उभीं राहतात; परंतु प्रोग्राम लिहिणारांच्या बोलींत लायब्ररी म्हणजे कोणीतरी आधींच लिहून, तपासून ठेवलेल्या प्रोग्रामच्या तुकड्यांचा संग्रह. सोलापूरची चादर आपणां सर्वांस ठाऊक आहे. चादर विणणारा कारागीर कापूस पिकवीत नाहीं, कीं सूतही कातीत नाहीं. सूत तो गिरणीचें घेतो, रंग बाहेरून आणतो, आणि आपलें सारें कौशल्य विणींत व नक्षींत ओततो. परंतु सूत कच्चें निघालें तर चादर विरते, रंग कच्चा निघाला तर पहिल्याच धुण्यांत सुटतो. आणि ग्राहक दोष देतो तो गिरणीला नव्हे, विणकराला. लायब्ररी म्हणजे प्रोग्रामचें सूत होय.

वेब-सर्व्हरला हें सूत मुख्यतः पांच जातींचें लागतें. स्मरणांतील जागा मागून घेणें, ती परत करणें आणि अक्षरांच्या माळा हाताळणें, ही पहिली जात. पंगतींतील वर्दी पोहोंचविणें ही दुसरी. मागणीच्या मजकुरांतून हवा तो नमुना शोधणें ही तिसरी. यासाठीं पीसीआरई नांवाची लायब्ररी फार प्रसिद्ध आहे, ती केंब्रिज विद्यापीठांतील फिलिप हेझेल यांनीं १९९७ सालीं लिहिण्यास घेतली. पाठवावयाचा मजकूर दाबून लहान करणें ही चौथी. त्यासाठीं झ्याँ-लू गायी व मार्क ॲडलर यांची १९९५ सालची झेड-लिब आजही जगभर चालते. आणि पांचवी जात गुप्तलेखनाची, म्हणजे वाटेंत कोणास वाचतां येऊं नये अशा रीतीनें मजकूर नेण्याची. बँकेचा व्यवहार करतांना पत्त्याशेजारीं कुलुपाची खूण दिसते, तिच्यामागें बहुधा ओपनएसएसएल किंवा तिचें एखादें भावंड उभें असतें.

आतां प्रश्न असा कीं, सर्व्हरची नवी मोठी आवृत्ति रचतांना यांपैकीं कोणतें सूत बाहेरून घ्यावें आणि कोणतें घरीं कातावें? तीन नामांकित सर्व्हरांनीं या प्रश्नास तीन निराळीं उत्तरें दिलीं आहेत, आणि तिन्ही बोधप्रद आहेत.

पहिला अपाचे. भारतांत विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सामान्य जनांस इंटरनेट खुलें केलें, त्याच वर्षीं हा सर्व्हर जन्मास आला. जुनी आवृत्ति मूळ युनिक्ससाठीं लिहिलेली होती. पुढें विंडोज आणि इतर प्रणालींवरही तो तितक्याच सुखानें चालावा अशी गरज उत्पन्न झाली. तेव्हां कर्त्यांनीं प्रत्येक प्रणालीचे निराळेपण झांकून टाकणारा एक थर स्वतःच लिहिला, आणि त्यावर २००२ सालीं दुसरी मोठी आवृत्ति उभी केली. या थरास एपीआर म्हणतात. विशेष हें कीं, त्यांनीं तो आपल्या घराच्या भिंतींत पुरून टाकला नाहीं. स्वतंत्र लायब्ररी म्हणून वेगळा काढला. पुढें सबव्हर्शनसारख्या अगदीं भिन्न कामाच्या प्रोग्रामनेंही तोच पाया वापरला. घरीं कातलेलें सूत बाजारांत नेलें म्हणजे त्याचे दोष अनेकांच्या नजरेस पडतात आणि सूत सुधारतें.

दुसरा एन्जिनएक्स. रशियांतील इगोर सिसोएव्ह यांनीं तो २००२ सालीं लिहिण्यास आरंभ केला व २००४ च्या ऑक्टोबरांत जगापुढें ठेवला. त्यांनीं स्मरणाची व्यवस्था, अक्षरमाला, वर्दीची यंत्रणा हें सर्व स्वतः लिहिलें. कारण थोड्या जागेंत फार ग्राहक सांभाळणें हाच त्या सर्व्हरचा प्राण होता, आणि प्राण दुसऱ्याच्या हातीं देणें त्यांस इष्ट वाटलें नाहीं. परंतु नमुना शोधणें, मजकूर दाबणें आणि गुप्तलेखन यांसाठीं त्यांनीं बाहेरच्याच लायब्रऱ्या घेतल्या. येथें एक उत्तम विभागणी दिसते: जें आपल्या धंद्याचें मर्म तें घरचें, जें इतरांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचें तें बाहेरचें.

तिसरा लाइटी. यान क्नेश्के या जर्मन गृहस्थांनीं दहा हजार ग्राहकांचा प्रश्न सोडवून दाखविण्यासाठींच तो २००३ सालीं लिहिला. लहान, हलका आणि जलद अशी त्याची कीर्ति झाली. आरंभींच्या दिवसांत यूट्यूबनेंही तो वापरला. २००५ सालीं त्याची १.४ ही मालिका निघाली. पुढें मोठी पुनर्रचना करावी असें ठरलें, आणि पायासाठीं जी-लिब ही तयार लायब्ररी निवडली गेली. १.५ ही शाखा अर्ध्यावर राहिली. मग दुसरी आवृत्ति अगदीं नव्यानें लिहावयास घेतली. तिच्या पायांत जी-लिब आणि वर्दीसाठीं लिब-ईव्ही असे दोन दगड बसविले. रचना सुबक होती. परंतु ती आवृत्ति अद्याप अधिकृत रीतीनें बाहेर पडलेली नाहीं. उलट जुनी १.४ मालिकाच पायरी-पायरीनें सुधारत गेली. एचटीटीपीच्या दुसऱ्या पिढीची सोय २०२० सालीं आली, तीही या जुन्या घरांतच.

याचा दोष त्या दोन लायब्रऱ्यांवर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. सगळें पाडून नवें बांधावयाचें म्हटलें कीं, नवें पुरें होईपर्यंत जुन्यांतच राहावें लागतें, आणि त्याची डागडुजीही करावी लागते. मनुष्यबळ थोडें असल्यास दोन्हीकडे पुरत नाहीं. फ्रेडरिक ब्रुक्स यांनीं १९७५ सालच्या आपल्या ग्रंथांत इशारा दिला होता कीं, कर्त्याची दुसरी कृति सर्वांत धोक्याची असते. पहिल्या वेळीं आवरून धरलेल्या साऱ्या हौशी तो दुसऱ्या वेळीं पुरवूं पाहतो. म्हणून पाया निवडण्याआधीं, पाया बदलण्याची खरोखरच गरज आहे काय, हा प्रश्न प्रथम विचारावा.

समजा, गरज आहे. मग दगड पारखावा कसा? मला सहा कसोट्या महत्त्वाच्या वाटतात.

पहिली कसोटी स्वभावाची. लायब्ररी ज्या कामासाठीं जन्मली तिचा स्वभाव तिच्या अंगीं मुरलेला असतो. जी-लिब ही मूळ चित्रें रंगविण्याच्या एका प्रोग्रामच्या परिवारांतून आली. तिचा सर्वसाधारण नियम असा कीं, स्मरणांत जागा मागितली व मिळाली नाहीं, तर प्रोग्राम तेथल्या तेथें बंद करावा. घरीं एकटा मनुष्य चित्र काढीत बसला असेल तर हें एक वेळ चालेल. पण हजारों ग्राहकांची पंगत चालूं असतां एका पानास भात कमी पडला म्हणून सारा मंडपच उठवावा काय? या नियमाच्या बाजूनेंही बोलण्यासारखें आहे. अर्धवट शुद्धींत चुकीचें वाढण्यापेक्षां स्वच्छ थांबून पुन्हां सुरू होणें बरें, असें पुष्कळ जाणते म्हणतात. शिवाय नकार पचवून पुढें जातां येईल अशीं निराळीं फलनेंही जी-लिबमध्यें आहेत. पण निर्णय डोळे उघडे ठेवून घ्यावयास हवा.

दुसरी कसोटी, ती सर्व जमिनींवर उभी राहते काय? नोड हा प्रसिद्ध प्रोग्राम २००९ सालीं निघाला तेव्हां त्याच्या पायांत लिब-ईव्हीच होती. युनिक्सच्या कुळांत ती उत्तम चालते, पण विंडोजची स्वतःची वर्दीची रीत तिला साधत नाहीं. नोड विंडोजवर नेण्याची वेळ आली तेव्हां कर्त्यांनीं २०११ सालीं लिब-यूव्ही नांवाचा नवा थर रचला, आणि यथाकाल लिब-ईव्ही काढूनच टाकली. लायब्ररी वाईट नव्हती. घर ज्या गांवीं न्यावयाचें होतें त्या गांवची माती तिला मानवत नव्हती, इतकेंच.

तिसरी कसोटी परवान्याची. फुकट मिळालेली वस्तु बिनशर्त असते असें नाहीं. ओपनएसएसएलचा जुना परवाना जीपीएल या दुसऱ्या प्रसिद्ध परवान्याशीं जुळत नसे, आणि त्यामुळें कित्येक प्रोग्रामांस खास अपवादाचीं कलमें लिहावीं लागत. २०२१ सालीं ३.० या आवृत्तीपासून परवाना बदलला, तेव्हां ही अडचण बरीच दूर झाली. जमिनीचा सातबारा पाहिल्यावांचून घर बांधूं नये, तसाच हा प्रकार.

चौथी कसोटी आयुष्याची व राखणदाराची. पीसीआरईची नवी मालिका २०१५ सालीं निघाली आणि जुन्या मालिकेची शेवटची आवृत्ति २०२१ सालीं. मधल्या सहा वर्षांत ज्यांनीं बिऱ्हाड हलविलें ते सुखी झाले. ज्यांनीं हलविलें नाहीं ते राखणदार नसलेल्या घरांत राहिले. येथें निदान पुरेशी सूचना तरी मिळाली. ओपनएसएसएलची गोष्ट अधिक गंभीर आहे. ७ एप्रिल २०१४ रोजीं तिच्यांतील ‘हार्टब्लीड’ नांवाचा दोष जाहीर झाला. ग्राहकानें ‘मीं पाठविलेलीं इतकीं अक्षरें परत म्हणून दाखीव’ असें सांगावें, आणि पाठविलीं त्याहून मोठा आंकडा द्यावा. सर्व्हर बिचारा पडताळा न पाहतां शेजारच्या स्मरणांतील ६४ किलोबाइटपर्यंत मजकूर, त्यांत कोणाचा सांकेतिक शब्द असो कीं गुप्त किल्ली असो, उचलून देई. नेटक्राफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारें पांच लाख सर्व्हर या दोषाच्या तडाख्यांत होते. आणि ज्या लायब्ररीवर जगांतील एवढ्या पेढ्या विसंबून होत्या, तिच्या संस्थेस देणगीदाखल वर्षाला सुमारें २००० डॉलर मिळत असत! सूत सर्वांनीं नेलें. चातीला तेल मात्र कोणीं घातलें नाहीं.

पांचवी कसोटी पाहुण्यांची. एक लायब्ररी घरांत घेतली कीं, ती आपल्याबरोबर आणखी चार नातलग आणते, आणि त्यांचे नातलग मागाहून येतात. २०२४ सालच्या मार्चअखेरीस असें उघडकीस आलें कीं, ‘एक्सझेड’ या मजकूर दाबण्याच्या एका साध्या लायब्ररींत चोरवाट बसविली गेली आहे. खोट्या नांवाच्या कोणा व्यक्तीनें दोन वर्षांहून अधिक काळ निमूटपणें मदत करून, थकलेल्या एकट्या राखणदाराचा विश्वास संपादन केला होता. दूरच्या संगणकांत प्रवेश देणारा प्रोग्राम ही लायब्ररी स्वतः मागत नव्हता. कांहीं लिनक्स-वितरणांत ती तिसऱ्याच लायब्ररीच्या हाताला धरून त्याच्या घरांत शिरली होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास प्रवेशाच्या वेळीं सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें आढळलें, आणि त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढतां काढतां ही वाट सांपडली. जेवढे पाहुणे कमी, तेवढी राखण सोपी.

सहावी कसोटी सोडचिठ्ठीची. घेतलेली लायब्ररी उद्यां बदलावी लागली तर किती ठिकाणीं तोडफोड होईल? शहाणा कारागीर आपला प्रोग्राम व बाहेरची लायब्ररी यांच्यामध्यें एक पातळ पडदा ठेवतो. सर्व हांका त्या पडद्यांतून जातात; लायब्ररी बदलली तर पडदा बदलावा लागतो, सबंध घर नव्हे. या पडद्यास थोडा वेळ व थोडा वेग खर्च होतो, पण तो विम्याच्या हप्त्यासारखा समजावा.

यावर कोणी विचारील, “इतकी भीति असेल तर सगळेंच घरीं कां लिहूं नये?” गुप्तलेखनाच्या बाबतींत तरी हा मार्ग मुळींच पत्करूं नये. आपलें कुलूप आपल्यास उघडतां येत नाहीं, एवढ्यावरून तें चोरास उघडतां येणार नाहीं असें ठरत नाहीं. हार्टब्लीडनंतरही जाणत्यांनीं ओपनएसएसएल टाकून देऊन प्रत्येकानें आपापलें कुलूप घडविलें नाहीं. कोणीं तिचीच शाखा काढून साफ केली, कोणीं तिला पैसा व माणसें पुरविलीं. उलटपक्षीं, चार ओळींच्या कामासाठीं चाळीस हजार ओळींची लायब्ररी आणणें हाही शहाणपणा नव्हे. मर्म घरचें, कठीण शास्त्र तज्ज्ञांचें आणि दोहोंमध्यें पडदा, हा मध्यममार्ग मला योग्य वाटतो.

आपल्या संस्थेसाठीं साइट बांधून देणारा कंत्राटदार रंगीत चित्रें दाखवील, वेगाचे आंकडे सांगेल. त्याचें कौतुक अवश्य करावें, परंतु दरपत्रकावर सही करण्यापूर्वीं त्याला शांतपणें विचारावें: “या घराच्या पायांत कोणकोणत्या लायब्रऱ्या आहेत, त्यांची यादी द्या. त्यांपैकीं प्रत्येकीची राखण आज कोण करतो? दोष जाहीर झाल्यास तो दुरुस्त करून आमच्या सर्व्हरवर बसविण्यास किती दिवस लागतील, आणि तें काम कराराच्या कोणत्या कलमांत लिहिलें आहे?” ज्यास हीं उत्तरें देतां येतील त्याच्या हातीं काम सोंपवावें. आणि संस्थेच्या अंदाजपत्रकांत शक्य असेल तर एक लहानशी रक्कम अशीही ठेवावी कीं, जी आपण फुकट वापरीत असलेल्या एखाद्या लायब्ररीच्या राखणदारास देणगी म्हणून जाईल. तो खर्च धर्मादायाचा नाहीं; आपल्याच घराच्या पायाच्या दुरुस्तीचा आहे.